गुगलला आपले दुकान कसे सापडेल?

जुन्नर तालुक्यातल्या कुकडी नदीकाठच्या बोरी बुद्रुकचे नाव आपल्या वाचकांना परके वाटू नये. 'बुद्रुक' म्हणजे आपला फारसी-उर्दूतला 'बुजुर्ग', मोठा. आणि 'खुर्द' म्हणजे लहान. दख्खनच्या सुलतानी काळात महसुली दफ्तरात हे शब्द आले आणि महाराष्ट्रभर गावांच्या नावांना चिकटले. हा शब्द या वेळी आठवण्याचे कारण वेगळे आहे. बोरी बुद्रुकमध्ये कुणी दुकान टाकले, घरून बिर्याणी द्यायला सुरुवात केली, शिलाईचे काम घेतले किंवा शेतावर पाहुण्यांची सोय केली, तर इंटरनेटवरची पहिली अडचण त्याच्या गावाच्या नावातच आहे.

मोबाइलवर नुसते 'बोरी' टाकून पाहा. परभणी जिल्ह्यातली बोरी येते, गोव्यात फोंड्याजवळची बोरी येते, मध्य प्रदेशातले बोरी अभयारण्य येते, मुंबईचे बोरीबंदरही डोकावते. 'बोरी जुन्नर' टाकले तर नदीकाठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेची आणि आदिमानवाच्या दगडी हत्यारांची माहिती येते. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे आणि ती नेमकी किती जुनी यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. गावासाठी ही मोठी अभिमानाची गोष्ट आहे, पण आपल्या दुकानाचा पत्ता त्यात सापडत नाही. गिऱ्हाईक शोधत असते आणि आपण सापडत नाही, म्हणून ते आळेफाटा किंवा नारायणगावला जाते. तोटा असा गुपचूप होतो. गल्ल्यात काय आले ते दिसते, काय आले नाही ते दिसत नाही.

म्हणून या महिन्यात आम्ही 'एसईओ' म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन या विषयाकडे वळतो. नाव जड आहे, काम सोपे आहे. आपण काय विकतो, कुठे विकतो आणि केव्हा विकतो हे शोधयंत्राला कळेल अशा शब्दांत स्पष्ट लिहून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिले काम : नकाशावर नोंद

लहान धंद्याला वेबसाइटच्या आधी 'गुगल बिझनेस प्रोफाइल' हवे. पूर्वी याला 'गुगल माय बिझनेस' म्हणत; २०२१ मध्ये नाव बदलले. ही नोंद पूर्णपणे मोफत आहे. यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे असतील, गुगलचे नव्हेत. नोंदीनंतर गुगल खात्री करून घेते, बहुधा दुकानाचा, पाटीचा आणि आतल्या सामानाचा व्हिडिओ काढायला सांगून, कधी फोनवर कोड पाठवून.

जवळपासच्या दुकानांची यादी दाखवताना गुगल तीन गोष्टी पाहते: शोधलेल्या शब्दांशी धंदा किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि त्याची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'बेस्ट बिर्याणी केटरिंग जुन्नर नारायणगाव' असे शब्द नावात कोंबले तर नोंद रद्द होऊ शकते. पत्ता मात्र पूर्ण द्या: बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. इंग्रजीत कुणी 'बुद्रुक' पूर्ण लिहितो, कुणी नुसते 'बीके'. वर्णनात एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत पूर्ण नाव यायला हवे. बुद्रुक म्हटले की खुर्दही आलेच, त्यामुळे नकाशावरची खूण बरोबर दारावर पडली आहे ना, हे स्वतः उभे राहून तपासा.

घरून काम करणाऱ्या भगिनींसाठी

घरचा पत्ता आणि घरचा नंबर जगाला दिसेल या भीतीने अनेक घरांत हा विषय तिथेच थांबतो. भीती अनाठायी नाही, पण तिला उपाय आहे. जी गिऱ्हाइकाकडे जाऊन मेंदी काढते किंवा डबा पोचवते, तिला प्रोफाइलमध्ये पत्ता लपवता येतो आणि फक्त 'बोरी बुद्रुक, आळेफाटा, नारायणगाव' असा सेवेचा परिसर देता येतो. धंद्यासाठी वेगळे सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस चालवा. त्यात मालाची यादी दरासह लावता येते. हेही लक्षात घ्या की व्हॉट्सअॅपचे स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते आणि ते गुगलला सापडतही नाही. रोज स्टेटस टाकणे म्हणजे ओळखीच्यांना आठवण करून देणे. अनोळखी गिऱ्हाईक त्यातून येत नाही.

नंबर जाहीर झाला की फसवणारेही फोन करतात. ठरलेला प्रकार असा: 'मी लष्करातून बोलतो, पन्नास डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.' घरातल्या सर्वांना एक वाक्य पाठ करवा: पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

गिऱ्हाइकाचे शब्द ओळखा

आपण दुकानाला एक नाव देतो आणि गिऱ्हाईक दुसरेच शब्द टाइप करते. 'उत्तम भोजन व्यवस्था' असे कुणी शोधत नाही. 'आळेफाट्याजवळ मटण बिर्याणी', 'लग्नासाठी केटरर नारायणगाव', 'शिवनेरीजवळ राहायची सोय' असे शोधतात. पंधरा दिवस एक वही ठेवा. फोनवर गिऱ्हाईक पहिले वाक्य काय बोलते ते जसेच्या तसे लिहा. तेच तुमचे 'कीवर्ड'. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा ही वही खरी.

जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला बाहेरगावची माणसे येतात. आपल्यासाठी जुन्नर म्हणजे निजामशाहीची सुरुवातीची राजधानी आणि सौदागर घुमटाचे गावही आहे. या माणसांना इथले शब्द माहीत नसतात. मासवडीचेच घ्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ती बेसनाची असते हे सांगावे लागत नाही. मुंबईच्या पाहुण्याला नावावरून मासळी वाटते. म्हणून 'मासवडी : बेसनाची, शाकाहारी, झणझणीत रश्शासह' असे लिहा. तसेच 'हलाल' हा शब्द आपल्याला लिहायची गरज वाटत नाही, पण प्रवासातले मुस्लिम कुटुंब नेमके तेच शोधत असते. खरे असेल तर स्पष्ट लिहा.

दर, वेळ, सुट्टीचा दिवस, गाडी लावायची सोय, महिलांना बसायची वेगळी जागा, नमाजची सोय, यांतले जे आहे ते शब्दांत लिहा. ही सारी माहिती एका रंगीत चित्रात टाकून लावली तर माणसाला दिसते, शोधयंत्राला नीट वाचता येतेच असे नाही. वेबसाइट करायचीच तर चार पानांची पुरे: आम्ही कोण, काय देतो, दर, पत्ता. प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक द्या आणि फोटो हलके ठेवा, म्हणजे गावातल्या नेटवरही पान उघडेल. 'गुगल सर्च कन्सोल' हे मोफत साधन जोडले की कोणते शब्द टाकून लोक आपल्यापर्यंत आले ते कळते.

रमजान आणि सणांचे गणित

चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. गेल्या वर्षीची तारीख धरून या वर्षी जाहिरात केली तर उशीर झालाच. शिरखुर्म्याचा सुकामेवा, कपडे आणि शिलाई यांची चौकशी ईदच्या बरीच आधी सुरू होते, तेव्हा शाबानमध्येच फोटो आणि दर लावलेले बरे. रमजानमध्ये दुकानाच्या वेळा बदलतात. प्रोफाइलमध्ये 'विशेष वेळा' भरण्याची सोय आहे, ती वापरा. नेटवर 'उघडे' दिसते म्हणून आळ्याहून आलेल्या माणसाला कुलूप दिसले तर तो परत येत नाही, आणि येताना-जाताना एक तारा देऊन जातो.

खोटे तारे, खोटी नावे

अभिप्राय म्हणजे आजच्या बाजारातली साक्ष. भाच्या-पुतण्यांकडून पन्नास पंचतारांकित अभिप्राय लिहून घेणे, सवलत देऊन तारे मागणे हे गुगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले. पण नियम बाजूला ठेवला तरी, मापात पाप नको म्हणणाऱ्या घरात खोटी साक्ष कशी चालेल? खऱ्या गिऱ्हाइकाला, 'पसंत पडले असेल तर दोन ओळी लिहा' असे सांगायला हरकत नाही. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. काय चुकले ते विचारा, दुरुस्त करा आणि तसे उत्तरात लिहा. पुढचा वाचक तक्रारीपेक्षा उत्तर जास्त नीट वाचतो.

आता एक नाजूक गोष्ट. आपले नाव पाहून गिऱ्हाईक कमी होईल का, या काळजीने काही जण दुकानाला भलतेच नाव देण्याचा विचार करतात. आमचे मत स्पष्ट आहे. दुकानाचे नाव 'कुकडी' असो की 'मदिना', ते खरे आणि पाटीवरचे असावे. मालकाचे नाव प्रोफाइलवर लिहिलेच पाहिजे असे बंधन नाही. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावे लावायला सांगणाऱ्या आदेशांना सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी स्थगिती दिली, तेव्हा पदार्थ कोणता आहे ते सांगावे, नावाची सक्ती नको, असेच म्हटले होते. तेव्हा नाव लिहायचे की नाही हा तुमचा निर्णय. मात्र खोट्या ओळखीवर उभे राहिलेले गिऱ्हाईक ज्या दिवशी खरे कळेल त्या दिवशी जाते. स्वच्छता, एफएसएसएआयची नोंदणी, वेळेवर माल आणि खरे फोटो यांवर उभे राहिलेले टिकते.

'पहिला नंबर' विकणारे

'महिन्यात गुगलवर पहिला नंबर, हमखास' असे फोन येतात. गुगल स्वतःच सांगते की अशी हमी कुणीही देऊ शकत नाही आणि एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते. पैसे भरून वर दिसणारी जाहिरात वेगळी. पैसे थांबले की तीही थांबते आणि तिच्यामुळे मूळ क्रमांक वाढत नाही. कुणाला काम द्यायचेच असेल तर प्रोफाइल आणि वेबसाइटचे नाव स्वतःच्या ईमेलवर ठेवा, त्याला फक्त व्यवस्थापक करा. खाते दुसऱ्याच्या हाती गेले तर धंद्याची किल्लीच त्याच्या हाती गेली. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्या नावाने कुणाला पैसे देऊ नका.

या महिन्याचा गृहपाठ तेवढा करा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घेऊन एक संध्याकाळ बसा. प्रोफाइल उघडा, पत्ता आणि वेळा तपासा, दिवसाउजेडी काढलेले दहा खरे फोटो लावा, गिऱ्हाइकाच्या शब्दांत पाच ओळींचे वर्णन लिहा. नंतर दर आठवड्याला एक नवा फोटो. एवढे सहा महिने नेटाने केले तर 'बोरी बुद्रुक' टाकणाऱ्याला हजारो वर्षांच्या राखेसोबत तुमची आजची गरम बिर्याणीही दिसू लागेल.