विश्वाची नक्कल आणि तिच्या उणिवा

निळ्या-जांभळ्या धाग्यांचे जाळे, त्याच्या गाठींमध्ये उजळणाऱ्या दीर्घिका, त्यांच्या टकरी आणि मग एकजीव होणे. अशा चित्रफिती आपल्या मोबाइलवर येतात आणि दुर्बिणीने टिपलेले विश्व म्हणून आपण त्या पुढे पाठवतो. प्रत्यक्षात ते महासंगणकावर मांडलेले गणित असते. त्यातील रंगही निवडलेले असतात. कुठे ते वायूचे तापमान दाखवतात, कुठे घनता. सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्रातील लाल रक्तवाहिनी जशी संगणकाने रंगवलेली असते, तसेच हे.

मग अशी नक्कल करायचीच कशाला? दोन दीर्घिका एकरूप व्हायला कोट्यवधी वर्षे लागतात. आम्ही डॉक्टर रुग्णाला पुन्हा तपासायला बोलावू शकतो. खगोलशास्त्रज्ञाला प्रत्येक दीर्घिकेचा एकच क्षण दिसतो. मधला काळ गणितानेच भरून काढावा लागतो. १९४१ मध्ये एरिक होल्मबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने संगणकाशिवाय ही युक्ती केली होती. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश कमी होतो, तसेच गुरुत्वाकर्षणही. म्हणून त्याने एकेका दीर्घिकेसाठी ३७ दिवे मांडले आणि प्रकाश मोजून त्यांची ओढ ठरवली. २००५ च्या 'मिलेनियम' सिम्युलेशनमध्ये या दिव्यांच्या जागी एक हजार कोटींहून अधिक कण होते. जर्मनीतील महासंगणक त्यासाठी सुमारे महिनाभर राबला आणि पुढे त्यातील माहिती सर्वांसाठी खुली झाली.

'इलस्ट्रिस' या २०१४ च्या प्रकल्पाने त्यात वायू, तारे आणि कृष्णविवरेही आणली. पुढच्याच वर्षी त्याची माहिती खुली करताना शास्त्रज्ञांनी उणिवाही मांडल्या: लहान दीर्घिकांचा आकार प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट येतो, कृष्णविवरांची ऊर्जा दीर्घिकांच्या समूहांतील वायू अवाजवी प्रमाणात बाहेर फेकते. या उणिवा डोळ्यांसमोर ठेवूनच 'इलस्ट्रिस-टीएनजी' ही सुधारित आवृत्ती तयार झाली. डिसेंबर २०१८ पासून तिची माहितीही टप्प्याटप्प्याने खुली होत गेली. आज ती एक हजार टेराबाइटहून अधिक आहे. मोफत नोंदणी केली की ब्राउझरमधूनही ती तपासता येते. तालुक्याच्या कॉलेजातील बीएस्सीच्या विद्यार्थिनीला परदेशी प्राध्यापकांइतकाच हा दरवाजा उघडा आहे.

याचे मोल वैद्यकाने महाग किंमत देऊन ओळखले आहे. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे करोना साथीचे प्रतिरूप जगभर गाजले. त्याच्या आधारे मोठे निर्णय घेतले जात होते, पण मूळ संगणकीय आज्ञावली लोकांसमोर नव्हती. ती खुली झाली एप्रिलच्या अखेरीस. तोवर शंकांना ऊत आला होता. दीर्घिकेचे गणित चुकले तर कुणाचा जीव जात नाही. साथीचे चुकले तर जातो. म्हणजे जिथे पारदर्शकता अधिक हवी होती, तिथेच ती उशिरा आली.

आपल्याकडेही महासंगणकांवर मोठा खर्च होत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे 'परम रुद्र' महासंगणक देशाला अर्पण झाले. विश्व असो, पाऊस असो वा साथ, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या गणिताला तीन अटी असाव्यात. चित्रावर 'संगणकीय प्रतिरूप' असे ठळक लिहावे. ठरावीक मुदतीत माहिती आणि आज्ञावली खुली करावी. रुग्णाची ओळख उघड होणार असेल तेवढाच अपवाद. आणि गृहीतके व उणिवा लोकांच्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, छापाव्यात.

उणिवा सांगितल्या तर लोकांचा विश्वास उडेल, ही भीती निराधार आहे. औषधाचे दुष्परिणाम आधी सांगणाऱ्या डॉक्टरकडेच रुग्ण पुन्हा येतो.