राजाच म्हणाला, 'मी बाद!'

गाण्याबजावण्याच्या स्पर्धेत परीक्षकांच्या नावानं खडे फोडणारे कलावंत पुष्कळ. हरलेला प्रत्येक जण मनातून जिंकलेलाच असतो! पण ऐन रंगातलं वादन थांबवून, मी स्वतःलाच बाद केलंय, असं समोरच्या गर्दीला सांगणारा कलावंत कधी ऐकलाय?

त्याचं नाव अलेहो दुरान. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचा उत्तरेकडचा पट्टा कॅरिबियन समुद्राला लागून आहे. त्या मुलखातल्या वायेदुपार शहरात दर वर्षी अकॉर्डियनवादकांची मोठी स्पर्धा भरते. १९८७ साली तिथं जुन्या विजेत्यांमधून 'राजांचा राजा' निवडायचा होता. अलेहो तेव्हा ६८ वर्षांचा. लोकांचा भारी लाडका. 'पूया' हा जलद प्रकार वाजवताना त्याच्या डाव्या हाताचे बास चुकले. किती जणांच्या लक्षात आलं असतं, देव जाणे. अलेहोच्या आलं, तेवढं पुरे झालं. तो थांबला आणि सांगून मोकळा झाला. किताब कोलाचो मेंदोसाला मिळाला.

पण हा किताब अलेहोला किरकोळ वाटत होता असं समजू नका. त्याचा जन्म १९१९ सालचा, एल पासो गावातला. कुटुंब आफ्रिकी वंशाचं. वडील अकॉर्डियन वाजवायचे. पोरगा मात्र आधी जमीनदाराच्या गुरांमागे राबला आणि विशी उलटल्यावर त्यानं वाद्य मनावर घेतलं.

हे अकॉर्डियन म्हणजे आपल्या हिंदी सिनेमातलं, पियानोसारख्या पट्ट्यांचं नव्हे. याला बटणं असतात. आत मात्र आपल्या पेटीसारख्याच, हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. भाता उघडताना बटण एक सूर देतं, मिटताना दुसरा! जर्मनीहून बोटीनं आलेलं हे वाद्य, सोबत काहा नावाचा छोटा ढोल आणि खाचांवर घासून वाजवायची गुआचाराका. एवढ्या सरंजामावर गावोगाव फिरायचं आणि इथल्या प्रेमाची, भांडणाची बातमी गाण्यात गुंफून पुढच्या गावाला ऐकवायची. याच संगीताला वायेनातो म्हणतात. आपली गाजलेली कादंबरी म्हणजे साडेतीनशे पानांचं वायेनातोच आहे, असं गाब्रिएल गार्सिया मार्केस म्हणायचा.

प्रतिष्ठितांच्या क्लबात मात्र या संगीताला मज्जाव असे. गुराख्यांचं संगीत ना ते! अशा मुलखात १९६८ साली पहिला वायेनातो महोत्सव भरला आणि एका काळ्या गुराख्याला राजा घोषित करण्यात आलं. तो अलेहो. १९८७ साली चुकीच्या बासवर त्यानं कानाडोळा केला असता, तर तो किताबच हलका झाला असता. निदान मला तरी त्याच्या थांबण्याचा अर्थ असा लागतो.

पुढं दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तो गेला. 'पेदासो दे आकोर्देओन', 'फिदेलिना' ही त्याची गाणी मागं राहिली. धाकटा भाऊ नाफेर १९७६ सालीच राजा झाला होता. २०१५ साली युनेस्कोनं पारंपरिक वायेनातोला तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घातलं. नव्या चालीच्या झगमगत्या गाण्यांनी जुन्याला कोपऱ्यात ढकललंय, अंगणातल्या मैफली आटल्यात, ही त्यामागची कारणं.

वायेदुपारच्या स्पर्धेत आजही पासेओ, सोन, मेरेंगे आणि पूया हे चारही प्रकार वाजवावे लागतात. पूयाच्या वेळी जाणत्यांचे कान डाव्या हाताकडे लागलेले असतात.