रिकाम्या आसनाचा खोटा गजर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या मोटारीत एक विचित्र गोष्ट घडू लागली. चालकाशेजारचे आसन रिकामे, त्यावर साधी पिशवीही नाही, तरी सीट-बेल्ट लावण्याची आठवण करून देणारा गजर थांबेना. गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडीकडे पाहिलेही नाही. टेबलाच्या खणातून धातूची एक चपटी क्लिप काढून त्याने हातावर ठेवली आणि म्हणाला, "ही बकलमध्ये खोचा, आवाज बंद. सगळे हेच करतात." उपाय स्वस्त होता, तत्काळ होता आणि पूर्णतः चुकीचा होता. एका क्षुल्लक वाटणाऱ्या बिघाडामागे वाहनसुरक्षेचा किती मोठा प्रश्न दडलेला असतो, याची जाणीव त्या क्लिपमुळे झाली.

चालकाशेजारच्या आसनावर कोणी बसले आहे की नाही, हे गाडीला कळते ते आसनाच्या आवरणाखाली असलेल्या सेन्सरमुळे. आपल्याकडील बहुतेक साध्या गाड्यांत हा सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या दोन पातळ थरांची एक चटई असते. वजन पडले की थरांमधील संपर्कबिंदू परस्परांना टेकतात आणि 'आसन भरले' असा संदेश जातो. अधिक प्रगत गाड्यांमध्ये द्रवाने भरलेल्या पिशवीवरील दाब मोजला जातो, किंवा आसनाच्या पायांशी बसविलेले संवेदक प्रत्यक्ष भार मोजतात. पहिल्या प्रकारातील सेन्सर केवळ 'आहे' अथवा 'नाही' एवढेच सांगतो. दुसऱ्या प्रकारातील सेन्सर बसलेली व्यक्ती प्रौढ आहे की बालक, याचाही अंदाज बांधतो आणि त्यावरून एअरबॅग उघडू द्यायची की रोखायची, हे ठरते.

या दुसऱ्या प्रकाराचा जन्म एका शोकांतिकेतून झाला. अपघाताच्या वेळी एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. हा आघात प्रौढाला वाचवतो, पण पुढच्या आसनावरील लहान मुलासाठी तो प्राणघातक ठरू शकतो. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत समोरची एअरबॅग उघडल्यामुळे २९०हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. म्हणूनच तेथील नियम बदलले आणि २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नव्या गाड्यांना आसनावरील व्यक्ती ओळखणारी अथवा एअरबॅगचा धोका कमी करणारी व्यवस्था अनिवार्य झाली.

चूक दोन्ही दिशांनी

मात्र ओळखणारे यंत्रच चुकले तर? गेल्या दशकातील तीन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. २०१६ मध्ये निस्सानने अमेरिकेत तीस लाखांहून अधिक गाड्या परत मागविल्या. आसनावर प्रौढ व्यक्ती बसलेली असतानाही यंत्रणा तिला बालक समजे किंवा आसन रिकामे मानी, आणि एअरबॅग बंद राहण्याचा धोका होता. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाने जगभरातील सुमारे अकरा लाख गाड्या याच भागातील शॉर्ट-सर्किटच्या शक्यतेमुळे परत मागविल्या. तेथेही गरजेच्या क्षणी एअरबॅग न उघडण्याची भीती होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे साडेसात लाख गाड्यांबाबत असाच निर्णय घेतला. परंतु तेथील भय नेमके उलट होते. वजनमापक सेन्सरला तडा जाऊन शॉर्ट-सर्किट झाल्यास, जेथे एअरबॅग बंद राहायला हवी तेथे ती उघडली असती.

सेन्सर एकच, चुका मात्र परस्परविरोधी. एका चुकीने प्रौढाचे कवच हिरावले जाते, दुसरीने बालकासमोर संकट उभे राहते. म्हणूनच या बिघाडावर 'आवाज बंद करा' हे उत्तर असू शकत नाही. आधी चूक कोणत्या दिशेची आहे, हे शोधावे लागते.

निदानाचा क्रम

निदानाला अवजड यंत्रसामग्रीपेक्षा शिस्तबद्ध विचार अधिक लागतो, आणि त्याचा पहिला भाग वाहनमालकही करू शकतो. सर्वप्रथम आसन पूर्ण मोकळे करावे. लॅपटॉपची पिशवी किंवा बाजारातून आणलेली नारळांची पिशवी आसनावर असेल, तर गजर वाजणे हा बिघाड नव्हे; चटईने आपले काम केले, एवढेच. मोकळ्या आसनावरही गजर वाजत असेल, तर तेथे कोणीही नसताना बेल्ट बकलमध्ये अडकवून पाहावा. गजर थांबला, तर बकलमधील स्विच ठीक आहे आणि संशय चटईवर जातो. थांबला नाही, तर दोष बकलमध्ये किंवा तेथून निघणाऱ्या तारांमध्ये असण्याची शक्यता अधिक.

त्यानंतर आसन पुढे-मागे सरकवून पाहावे. सरकवताना गजर येत-जात असेल, तर चटई निर्दोष असून आसनाखालचा कनेक्टर सैल झाला असण्याचा किंवा तारा घासल्या गेल्याचा संभव असतो. आसनाखाली कोंबलेल्या छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि चपला अनेकदा याच तारांना धक्का देतात. आपल्या किनारपट्टीवर त्यात दमटपणाची आणि खाऱ्या हवेची भर पडते. ओले रेनकोट आसनावर टाकण्याची सवय, काचेच्या फटीतून झिरपणारे पाणी आणि महिनोन्‌महिने न वाळणारा गालिचा यांमुळे कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो. साध्या चटईत पाणी शिरून दोन्ही थर जोडले गेले, तर आसन कायम 'भरलेले' भासते. उलट तार तुटली, तर अनेक गाड्यांत ते कायम 'रिकामे' भासते.

हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो मूक असतो. खोटा गजर कानाला टोचतो, म्हणून मालक गॅरेज गाठतो. पण माणूस बसूनही गजर वाजत नाही, याची तक्रार कोण करणार? त्यामुळे अधूनमधून शेजारी बसणाऱ्याने बेल्ट लावण्यापूर्वी डॅशबोर्डवरील सूचक दिवा पेटतो की नाही, हे गाडी उभी असतानाच पाहून घ्यावे.

यापुढचे काम मात्र जाणकाराचे. स्कॅनर लावून नोंदविलेला दोष वाचणे, रिकाम्या आणि भरलेल्या आसनाची प्रत्यक्ष मूल्ये ताडून पाहणे, बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबल्यानंतरच आसनाखालचे कनेक्टर उघडणे, चटईचा विद्युतरोध उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळवणे, हा तो क्रम आहे. एअरबॅगच्या तारांना साधा मल्टिमीटर लावण्याचे धाडस कोणीही करू नये. आसन उतरवले असेल किंवा आवरण बदलले असेल, तर वजन मोजणाऱ्या प्रगत सेन्सरला नव्याने शून्यावर आणावे लागते. ही पायरी गाळली गेली, तर नवा सेन्सरही चुकीचेच सांगतो. आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असेल, तर केवळ सेन्सर नव्हे, संपूर्ण एअरबॅग यंत्रणाच निकामी असू शकते, हे गृहीत धरून वागावे.

क्लिपची बाजारपेठ

आता पुन्हा त्या चपट्या क्लिपकडे वळू. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींमध्ये चालक आणि शेजारील प्रवासी या दोघांसाठीही सीट-बेल्टचे स्मरण देणारी यंत्रणा अनिवार्य झाली. नियम आला आणि त्याला फसविणारे साधनही पाठोपाठ बाजारात आले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री मंचांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा अशा क्लिपांच्या तब्बल १३,११८ जाहिराती हटविण्यात आल्या. बकलमध्ये ती खोचलेली असताना अपघात झाल्यास, निष्काळजीपणाचे कारण देऊन विम्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यताही प्राधिकरणाने त्या वेळी निदर्शनास आणली होती.

त्याच संदर्भात उद्धृत झालेली केंद्रीय मंत्रालयाची आकडेवारी अंतर्मुख करणारी आहे. २०२१ या एका वर्षात सीट-बेल्ट न लावल्यामुळे देशात सोळा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ८,४३८ चालक होते आणि ७,९५९ प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे मृत 'मी कुठे गाडी चालवतोय' असे म्हणणाऱ्यांपैकी होते. एअरबॅग ही पूरक व्यवस्था आहे, मूळ आधार बेल्टचाच. बेल्टविना पुढे फेकल्या गेलेल्या शरीरावर एअरबॅग आदळली, तर तीच इजा करू शकते. बकलमध्ये क्लिप खोचणे म्हणजे गाडीला 'बेल्ट लावला आहे' अशी खोटी साक्ष देणे होय. काही गाड्यांमध्ये एअरबॅगचे निर्णयही या साक्षीवर अवलंबून असतात.

परंतु दोष केवळ बेफिकीर वाहनचालकांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. क्लिप वापरणाऱ्यांत बेल्टचा कंटाळा असलेले अनेक असतील. तथापि खोट्या गजराने त्रासलेले आणि प्रामाणिक दुरुस्ती न मिळालेलेही असतातच. अधिकृत सेवाकेंद्रात अनेकदा संपूर्ण आसनाचा भागच बदलण्याचा सल्ला मिळतो, तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये क्लिप मिळते. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, तेथे कनेक्टर स्वच्छ करून दोनशे रुपयांत प्रश्न सोडवणारा मेकॅनिक हवा. आमच्या गाडीचा दोष अखेर तसाच निघाला. गालिच्याखाली पाणी साचले होते आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

व्यवस्थेने काय करावे

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. त्या काळात नियमाने नियतकालिक तपासणी होते ती धुराची. एअरबॅगचा दिवा पेटलेला आहे का, बेल्टचा गजर जिवंत आहे का, हे या काळात कोणीही विचारत नाही. प्रदूषण-प्रमाणपत्र देताना डॅशबोर्डवरील हे दोन दिवे पाहण्यास फार तर दोन मिनिटे लागतील. गोव्यासारख्या छोट्या राज्याला हा प्रयोग सहज करता येईल. येथे भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारींची संख्या लक्षणीय आहे आणि त्या गाड्यांत बसणारा पर्यटक आपल्या बकलमध्ये आधीच काय खोचून ठेवले आहे, हे क्वचितच तपासतो. त्यामुळे या वाहनांपासून प्रारंभ करणे अधिक उचित ठरेल.

सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला मिळालेला आहे. मात्र त्याचा उपयोग तक्रारी नोंदल्या गेल्या तरच होतो. क्लिप खोचून शांत केलेला प्रत्येक गजर ही न नोंदलेली तक्रार असते. गाडीतला गजर खोटा असेल, तर त्याला खरे बोलायला लावावे, त्याचे तोंड दाबू नये. ज्या दिवशी त्या आसनावर खरोखर कोणी बसलेले असेल, त्या दिवशी तो आवाज आपल्याला हवा असेल.