पदकानंतर नोकरीही हवी

विदर्भातल्या मुष्टियोद्धा मुलींना केवळ ऑलिम्पिकच्या भरवशावर सोडता येणार नाही. त्यांच्या नोकरीची हमी शासनाने आणि इथल्या सार्वजनिक उद्योगांनी घ्यावी, अशी आमची ठाम भूमिका आहे. लॉस एंजेलिस 2028 मध्ये महिला व पुरुष मुष्टियुद्धाला सात-सात वजनगट मिळाले, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र महिलांची यादी 75 किलोवर संपते.

नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 साली पोलंडमधील कील्त्से येथे युवा जागतिक सुवर्ण जिंकले ते 81 किलोंवरील गटात. त्या गटाला ऑलिम्पिकचे दार बंदच आहे. अशा खेळाडूने शरीर आटवावे की जिंकलेल्या गटात राहून मानधन, शिष्यवृत्ती आणि प्रायोजकांवर पाणी सोडावे? वाढत्या वयात सक्तीने वजन उतरवणे म्हणजे अंगातली ताकद गमावणे आणि दुखापतीला आमंत्रण. व्यावसायिक मुष्टियुद्धाचा पर्याय सांगितला जातो. पण आपल्याकडे महिलांच्या अशा लढती इतक्या तुरळक की त्यावर घर चालणे कठीण.

म्हणूनच नोकरीची सुरुवात इथल्या सार्वजनिक उद्योगापासून व्हावी. तुमसर तालुक्यातील चिखल्याच्या जमिनीखालून मॅंगनीज काढणारी ‘मॉयल’ ही केंद्राची कंपनी, मुख्यालय नागपुरात. तिने महिला मुष्टियोद्ध्यांसाठी क्रीडा कोट्यातील जागा राखाव्यात, त्या देताना ऑलिम्पिक वजनगटाची अट घालू नये. चिखल्यात रिंग आणि पूर्णवेळ महिला प्रशिक्षक द्यावी. क्रीडा खात्याने येत्या अर्थसंकल्पापूर्वी याचा लेखी आराखडा जाहीर करावा.