शिट्टी पंचांची, शिस्त आपली

3 मार्च 2023 ची रात्र आठवते? आपल्या कंठीरवा स्टेडियमवर बंगळुरू एफसी आणि केरळा ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत केरळचे खेळाडू भिंत रचत असतानाच सुनील छेत्रीने झटकन फ्री किक मारली आणि पंचांनी गोल दिला. चिडलेल्या प्रशिक्षकांनी संघच मैदानाबाहेर नेला. सामना बंगळुरूला मिळाला. केरळला 4 कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी आली.

नियम असा, की पंचांनी थांबवले नसेल तर शिट्टीची वाट न पाहता फ्री किक घेता येते. पंचांनी थांबवायला हवे होते का, यावरच सारा वाद.

असा राग प्रेक्षकांत उतरला की काय होते, ते कोलकात्याने 16 ऑगस्ट 1980 रोजी पाहिले. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात 16 जणांचा जीव गेला.

तेव्हा बनशंकरीहून मुलांना सामन्याला नेताना नियमही समजावून सांगा. निर्णय पटला नाही तरी शिवी नाही, बाटली फेकणे नाही, हे आधी आपण पाळू या. मुले खेळाइतकेच आपल्यालाही बघत असतात.