आळशाचा जमाखर्च

१७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या हिंदुस्थानातल्या अस्वलाचे बारसे केले, ते थेट ‘स्लॉथ’च्या गोत्रात. लांब नख्या आणि विचित्र दात पाहून स्वारी फसली. चूक लवकरच उमगली; पण विदर्भाच्या जंगलात वारुळे उकरीत वणवण करणारे ते गरीब अस्वल इंग्रजीत अजून ‘स्लॉथ बेअर’ म्हणूनच ओळखले जाते. एकदा पडलेले नाव पुसत नाही, हे शाळेत टोपणनाव मिळालेल्या कोणालाही ठाऊक असेल.

खरा स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या रानात झाडाला उलटा लोंबकळतो. इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थच मुळी आळस. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनीही त्याला हेच बिरूद चिकटवले. अठराव्या शतकातल्या ब्युफाँ या फ्रेंच पंडिताचे मत तर असे, की आणखी एक उणीव असती तर हा प्राणी जगलाच नसता!

पण त्याचा जमाखर्च पाहा. चार-पाच किलोचा जीव, खाणे बहुतेक झाडपाला. त्यात कस तो किती? शिवाय खाल्लेले पचायला कधी कधी महिना लागतो. मिळकत अशी बेताची, म्हणून खर्च त्याहून बेताचा. अंगाची ऊबसुद्धा हा गृहस्थ आपल्यासारखी एकसारखी राखीत नाही. उन्हात चढू देतो, गारव्यात उतरू देतो. तीन बोटांचा स्लॉथ प्रातर्विधीसाठी झाडाखाली उतरतो तो सुमारे आठवड्यातून एकदा. अंगावरच्या केसांत शेवाळ वाढते आणि पानांत लपायला आयता हिरवा अंगरखा मिळतो. बरे, झोपाळू म्हणावे, तर पनामाच्या रानातल्या स्लॉथच्या झोपेचे मोजमाप २००८ साली प्रसिद्ध झाले. ती दिवसाला साडेनऊ तासांच्या आसपास भरली. सुट्टीतले आमचे कॉलेजकुमार त्याला सहज मागे टाकतील.

आता उत्तर ध्रुवाकडचे पांढरे अस्वल घ्या. नर पाचशे किलोच्या घरातला. बर्फातल्या भोकाशी श्वास घ्यायला सील वर येईल म्हणून तेही तासन् तास निश्चल असते. त्याला मात्र कोणी आळशी म्हणत नाही. तो शिकाऱ्याचा संयम!

आणि याचा खर्च अफाट. ब्यूफोर्ट समुद्रावरच्या नऊ माद्यांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या अंदाजाच्या १.६ पट शक्ती त्यांना लागत होती, आणि त्या थोड्या दिवसांत निम्म्याहून अधिक माद्यांचे वजन घटले. मिळकत म्हणजे सीलची चरबी, आणि ती हाती लागते मुख्यतः समुद्रावरच्या बर्फावरून. तापत्या हवेने उन्हाळ्यातला तो बर्फच आटत चालला आहे. रान तुटले तर स्लॉथचीही तीच गत, हे खरे; पण बँकच वितळावी अशी पाळी त्याच्यावर आलेली नाही.

२००८ साली याच समुद्रात पट्टा बांधलेली एक मादी बर्फाच्या शोधात नऊ दिवस अखंड पोहली, ६८७ किलोमीटर. दोन महिन्यांनी संशोधकांना ती पुन्हा सापडली, तेव्हा तिचे वजन २२ टक्क्यांनी उतरले होते. निघताना बरोबर असलेले वर्षाचे पिलू बरोबर नव्हते.