कार्ड संपले म्हणून हक्क संपत नाही!



कल्याण पूर्वेतील आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे निधन झाले. माणूस आयुष्यभर चळवळीत राबला. मुलगा कॅनडात, तिथला कायम रहिवासी. त्याच्या पीआर कार्डाची मुदत संपली होती आणि नव्या कार्डाचा अर्ज प्रलंबित होता. तो तिकीट काढणार, इतक्यात कुणा एजंटाने सांगितले, "आता देशाबाहेर पाऊल टाकलेस तर पीआर गेलाच समज." पोरगा घाबरला. बापाचा अंत्यविधी त्याने मोबाईलवर पाहिला. जलदान विधीलाही तो नव्हता. त्या घरात बसून आम्ही हे सारे पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही वाटले की एजंट खरेच बोलत असेल.

नंतर आम्ही तिथला कायदा वाचायला घेतला. एजंटाचे म्हणणे चुकीचे होते.

कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर कायद्याचे कलम २७ सांगते की कायम रहिवाशाला देशात येण्याचा आणि राहण्याचा हक्क आहे. हा हक्क कार्डातून येत नाही, कार्ड हा त्याचा केवळ पुरावा आहे. कार्ड साधारण पाच वर्षांचे असते. ते संपले तरी रहिवासी दर्जा संपत नाही. दर्जा टिकवण्याची मुख्य अट कलम २८ मध्ये आहे : दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे वास्तव्य. ही अट मोडली तरी दर्जा आपोआप जात नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला रीतसर निर्णय द्यावा लागतो आणि त्यावर अपील करता येते.

मग अडचण कुठे येते? ती येते मुंबईच्या विमानतळावर, विमान कंपनीच्या काउंटरवर. त्याच कायद्याचे कलम ३१ म्हणते की देशाबाहेर असलेल्या माणसाने दर्जाचा कागद दाखवला नाही तर तो कायम रहिवासी नाही असे गृहीत धरले जाईल. म्हणजे एका कलमाने हक्क दिला आणि दुसऱ्या कलमाने दारात पहारेकरी बसवला. सीमेवर पोहोचलात आणि दर्जा पटवून दिलात तर अधिकाऱ्याला आत घ्यावेच लागते. पण पोहोचायचे कसे? वैध कागदाशिवाय विमान कंपनी बसूच देत नाही.

त्यावरही उपाय आहे. भारतातून 'कायम रहिवासी प्रवास कागदपत्र' मागता येते. शुल्क ५० डॉलर. वेळ लागतो, पण मार्ग आहे. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर निघण्यापूर्वी कार्डाचा अर्ज तातडीने निकाली काढा, अशी विनंतीही करता येते. आणखी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. अर्ज दिल्याने जुने कार्ड रद्द होत नाही, त्यावर मुदत असेल तर ते चालते. आणि नवे कार्ड भारतातल्या पत्त्यावर पाठवले जात नाही. हे एवढेच त्या पोराला कुणी सांगितले असते तर तो बापाच्या अंत्यविधीला आला असता.

अमेरिकेचे नियम वेगळे आहेत. तिथे दहा वर्षांच्या ग्रीन कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की मिळणारी पावती सप्टेंबर २०२४ पासून जुन्या कार्डाची वैधता ३६ महिन्यांनी वाढवते. मात्र वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर निघण्यापूर्वीच पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. आणि विमानतळावर दर्जा सोडल्याच्या कागदावर कुणी सही मागितली तर ती करणे बंधनकारक नाही, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क असतो. देश बदलला की नियम बदलतो, म्हणून एका देशाचा सल्ला दुसऱ्या देशात वापरू नका.

काही कार्यकर्ते म्हणतील, "वस्तीत रेशन कार्डाचे वांधे, आणि तुम्ही कॅनडाचे कार्ड घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही विचारतो, हा रोग वेगळा आहे का? आपल्या मुलाचा आरक्षणाचा हक्क संविधानाने दिलेला. तरी जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेत आले नाही म्हणून त्याचा प्रवेश अडतो. तिथेही हक्क असतोच, अडवणूक काउंटरवर होते. आडनावाचेच घ्या. धम्मदीक्षेनंतर आपल्यातल्या कित्येक घरांनी आडनावे बदलली. आजोबांच्या दाखल्यावर एक, बापाच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. हा स्वाभिमानाचा इतिहास ठाण्याच्या खिडकीवरही 'विसंगती' ठरतो आणि टोरंटोच्या खिडकीवरही.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील आणि अधिकारी आहेत, त्यांना असे नियम जेवता जेवता कळतात. आपल्या पहिल्या पिढीला ते एजंटाकडून कळतात, तेही पैसे मोजून आणि चुकीचे. खरी विषमता इथे आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण आठवा. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. तरी सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि मुदत संपण्याच्या आत, १९२० मध्ये, ते लंडनला परतले. ती परवानगी हाती नसती तर १९२३ ची डी.एस्सी. कुठून आली असती? निघण्यापूर्वी परतीचे दार उघडे ठेवणे ही आपल्याच बापाची शिकवण आहे. आपण त्यांच्या जिद्दीचा जयजयकार करतो, तेवढीच ही दक्षताही शिकायला हवी.

म्हणून आमची सूचना आहे. ठाणे, कळवा, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवलीतील प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवा. जात पडताळणी, नावातील फरकाचे शपथपत्र, राजपत्रातील नोंद, मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर, पासपोर्ट ही कामे शिकलेल्या पोरांनी हाती घ्यावीत. परदेशी गेलेल्यांनी १४ एप्रिलला फोटो पाठवण्याबरोबरच त्या रविवारी तासभर ऑनलाइन बसावे आणि आपण ज्या वाटेने गेलो ती मागच्यांना दाखवावी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विद्यार्थी पाठवणाऱ्या समाजकल्याण खात्याकडेही मागणी करू, की तिकिटाबरोबर व्हिसा आणि पुनर्प्रवेशाच्या नियमांची मराठी पुस्तिका द्या.

त्या पोराचा बाप आता परत येणार नाही. पण आपल्या वस्तीतला दुसरा कुणी पोरगा केवळ अज्ञानापोटी बापाच्या अंत्यविधीला मुकला, तर तो दोष आपलाही असेल.

जय भीम, जय संविधान!